पहिला तास शेजाऱ्यांचा!

महाराष्ट्राच्या काळ्या पत्थराला कंप ठाऊक नाही, अशी समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या उराशी बाळगून होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपाने या समजुतीला पहिला तडा गेला. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्याने पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, धरणाच्या भिंतीला भेगा गेल्या आणि वीजनिर्मिती खंडित झाल्यामुळे दूरच्या मुंबईतील कारखान्यांनाही त्याची झळ पोहोचली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून दमलेली गावे गाढ झोपेत असताना, किल्लारी परिसरातील जमीन हादरली आणि लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार जीव दगडमातीखाली गाडले गेले.

या दोन आपत्तींची नोंद एका रूक्ष सरकारी कागदावर मोठ्या बोलक्या रीतीने उमटलेली आहे. भूकंपाच्या दृष्टीने देशाचे वर्ग पाडणारा मानक नकाशा १९६२ साली प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ‘शून्य’ नावाचाही एक वर्ग होता. शून्य म्हणजे जेथे धोकाच नाही असा प्रदेश. कोयनेच्या भूकंपानंतर, १९७० च्या आवृत्तीत, हा शून्य वर्ग रद्द करावा लागला. किल्लारी त्या वेळच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात मोडत होती. २००२ च्या आवृत्तीत तो पहिला वर्गही पुसून टाकण्यात आला. निर्धोक म्हणून सांगितलेल्या एकेका वर्गाला महाराष्ट्रातील एकेका भूकंपाने असे खोटे पाडले. या २००२ च्या नकाशात मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे तिसऱ्या वर्गात, म्हणजे मध्यम धोक्याच्या प्रदेशात दाखविली गेली. एवढे होऊनही या शहरांतील सुशिक्षित नागरिकास विचारावे, तर भूकंप ही हिमालयाच्या पायथ्याची किंवा जपानची बाब आहे, असेच तो सांगेल. नकाशातून शून्य गेला. आमच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही.

भूकंप केव्हा येईल हे आज जगातील कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. म्हणूनच त्याच्या तारखेची चर्चा करणे व्यर्थ आहे. मात्र तो आल्यावर काय होईल, हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. भूकंपात माणूस मरतो तो बहुधा जमिनीच्या हादऱ्याने मरत नाही. त्याने स्वतः बांधलेल्या, विकत घेतलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या घराखाली तो मरतो. किल्लारीत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील धाब्याचे अवजड मातीचे ओझे यांनी घात केला. ती गरीब, खेड्यातील घरे होती; आमची सिमेंट-काँक्रीटची घरे तशी नाहीत, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी अहमदाबादचे स्मरण करावे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. त्याच्या केंद्रापासून अहमदाबाद दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही तेथील सत्तरांहून अधिक बहुमजली इमारती कोसळल्या आणि सुमारे साडेसातशे माणसे दगावली. मरणारे लोक झोपडीत राहणारे नव्हते. त्यांत डॉक्टर, व्यापारी, नोकरदार अशी आपल्यासारखीच मध्यमवर्गीय कुटुंबे होती.

यांपैकी अनेक इमारतींत एक दोष समान होता. वाहने उभी करण्यासाठी तळमजला मोकळा सोडलेला होता, आणि वर चार-पाच किंवा दहा मजल्यांच्या भिंतींचे ओझे बारीक खांबांवर तोललेले होते. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा मजला लवचीक. हादरा बसला की सारा ताण त्या उघड्या खांबांच्या डोक्याशी आणि पायाशी एकवटतो आणि ते मोडतात. २००२ च्या सुधारित मानकात अशा मजल्यावरील खांब अधिक बळकट हवेत अशी स्पष्ट तरतूद आली. परंतु त्यापूर्वी बांधलेल्या इमारतींना मानक वाचता येत नाही. मुंबई, ठाणे आणि पुणे येथील कोणत्याही उपनगरात फेरफटका मारावा. मोटारी सावलीत उभ्या आणि त्यांवर आठ मजले उभे, असे दृश्य दर गल्लीत दिसेल. शिवाय मुंबईचा मोठा भाग खाड्या बुजवून, भराव घालून तयार झालेला आहे. मऊ जमिनीत हादरा वाढतो, हे मेक्सिको शहराने १९८५ साली दाखवून दिले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर असूनही जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेले त्या शहराचे मध्यभाग उद्ध्वस्त झाले. मुंबईची जमीन मेक्सिकोच्या तळ्यासारखी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु अंतर हेच आपले संरक्षण, या भ्रमात आपण राहू नये.

आता खरा प्रश्न असा की, अशी वेळ आलीच तर ढिगाऱ्याखालील माणसास कोण बाहेर काढणार? आपले सर्वांचे सहज उत्तर आहे, “सरकार.” अग्निशमन दल येईल, लष्कर येईल, पुण्याजवळ तळ असलेले राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल येईल. ते येईल यात शंका नाही, आणि ते आपले कर्तव्य चोख बजावील याविषयीही आम्हांस शंका नाही. प्रश्न वेळेचा आहे. एक इमारत पडली तर शहराची सारी यंत्रणा तिच्याभोवती उभी राहते. एकाच मिनिटात शंभर ठिकाणी इमारती पडल्या, पूल बंद झाले, दूरध्वनी मुके झाले, तर तीच यंत्रणा कोणकोणत्या हाकेला ओ देणार?

जपानसारख्या दक्ष देशाचाही अनुभव येथे डोळे उघडणारा आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे शहरावर भूकंप कोसळला आणि सहा हजार चारशेहून अधिक माणसे गेली. ढिगाऱ्यात अडकलेल्या सुमारे पस्तीस हजार लोकांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढले, असा तेथील अभ्यासकांचा अंदाज आहे. पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्य यांच्या वाट्याला उरलेले आले. आणि त्यांच्यापर्यंत पोहोचेतो त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांचे प्राण गेलेले होते. यात सैनिकांचा दोष नव्हता. ते उशिरा पोहोचले, एवढेच. भूकंपकेंद्राजवळच्या आवाजी बेटावर होकुदान नावाचे लहान गाव होते. कोणत्या घरात, कोणत्या खोलीत, कोण कोठे झोपते हे तेथील लोकांना आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाला ठाऊक होते. ढिगारा सगळा उपसण्याची गरज पडली नाही. नेमक्या जागी हात घातला गेला. सुमारे तीनशे माणसे त्याच दिवशी बाहेर काढण्यात आली. त्या गावाजवळ कोणतेही दिव्य यंत्र नव्हते. शेजाऱ्याची ओळख, हेच त्यांचे यंत्र.

आमच्या शहरालाही हा धडा नवा नाही. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत इमारत कोसळली तेव्हा गल्ली इतकी अरुंद होती की मोठी यंत्रे आत जाईनात. मोहल्ल्यातील लोकांनी मानवी साखळी करून हातोहात विटा-दगड उपसले. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात जुनी इमारत पडून तेहतीस माणसे गेली. त्याच वर्षी २५ जुलैला घाटकोपरला इमारत कोसळून सतरा बळी गेले, आणि तळमजल्यावरील फेरफारात आधाराचे खांब दुखावल्याचा आरोप झाला. या तीनही ठिकाणी भूकंप झालेला नव्हता! जमीन स्थिर असतानाही ज्या शहरात इमारती पडतात, तेथे जमीन हलली तर काय होईल, याचा विचार करावयास ज्योतिषी लागत नाही.

एवंच, भूकंपाचा पहिला तास हा सरकारचा नसून शेजाऱ्यांचा आहे. आणि नेमके याच ठिकाणी आजच्या शहराची दुबळी बाजू उघडी पडते. चाळीत एका खोलीत कढी फसफसली तर चार खोल्यांना वास जात असे. कोणाकडे पाहुणा आला, कोणाची सून माहेरी गेली, हे सर्वांस ठाऊक असे. आजच्या बंद दारांच्या सदनिकांत समोरच्या दारावरील पाटी आपण वाचतो, माणूस ओळखीत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा भरते. मोटारी कोठे उभ्या कराव्यात, पाण्याची टाकी कोणी धुवावी आणि थकबाकीदाराचे काय करावे यावर रात्र सरते. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत आणि त्यांची मुले परदेशात आहेत, ही गोष्ट मात्र कोणत्याही इतिवृत्तात नोंदलेली नसते. रखवालदार जिन्याखाली झोपतो, घरकामाची बाई दुपारी चार घरांत असते, भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतो. संस्थेच्या नोंदवहीत यांपैकी कोणीच नाही. ढिगारा मात्र सभासद आणि बिगर-सभासद असा भेद करीत नाही.

यावर उपाय अवघड नाही आणि फारसा खर्चिकही नाही. प्रत्येक संस्थेने, चाळीने आणि वस्तीने तीन कामे हाती घ्यावीत. पहिले काम नोंदीचे. प्रत्येक मजल्यावर रात्री किती माणसे असतात, कोणास चालता येत नाही, कोण डॉक्टर, परिचारिका, वीजतंत्री किंवा गवंडी आहे, गॅस आणि वीज कोठून बंद करता येते, याची वही दोन रविवारांत तयार होऊ शकते. तिची एक प्रत इमारतीबाहेरही असली पाहिजे. नाहीतर ती वहीही ढिगाऱ्याखालीच जाईल.

दुसरे काम इमारतीचे. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी व्हावयास हवी. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींबाबत महापालिका कायद्याचेही बंधन आहे. हा अहवाल कपाटात न ठेवता सभेत वाचला जावा. तपासनीस अभियंत्यास भूकंपाविषयीही विचारावे, मोकळ्या तळमजल्यावरील खांबांविषयी तर विशेष करून. खांबांना वेष्टन घालून किंवा त्यांच्यामध्ये योजनापूर्वक भिंती उभारून त्यांना बळ देता येते. चार-दोन मोटारींची जागा त्यात गेली तर जाऊ द्यावी. दिवाणखाना मोठा करण्यासाठी कोणी खांबाला वा तुळईला हात लावीत असेल, तर त्यास तेथेच अडविणे हा शेजाऱ्यांचा हक्कच आहे. एकाची हौस ही सर्वांची कबर ठरू शकते. घरातील उंच कपाटे भिंतीला जखडणे, खाटेच्या डोक्याशी जड वस्तू न ठेवणे, ही कामे तर प्रत्येकास सुटीच्या दिवशी करता येतील.

तिसरे काम सरावाचे. हादरा सुरू होताच जिन्याकडे धावू नये, उद्‌वाहनात शिरू नये. भक्कम टेबलाखाली बसून डोके झाकावे, टेबलाचा पाय घट्ट धरावा आणि हादरा थांबल्यावरच बाहेर पडून ठरलेल्या मोकळ्या जागी जमावे, एवढे प्रत्येक मुलास अंगवळणी पडले पाहिजे. पहारी, फावडी, दोर, मोटारीचा जॅक, विजेऱ्या, डोलीसाठी कापड आणि प्रथमोपचाराची पेटी, एवढे साहित्य प्रत्येक आवारात असावे. ढिगारा कसा हलवू नये हेही शिकावे लागते. अडाणी घाईने जिवंत माणसावर दुसरी तुळई पडते. हे शिक्षण अग्निशमन दलाने आणि नागरी संरक्षण दलाने द्यावयाचे आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात याच शहरांनी खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि भोंगा वाजताच दिवे मालविले होते. ७ मे २०२५ रोजी देशभर पुन्हा नागरी संरक्षणाचा सराव झाला. न दिसणाऱ्या विमानासाठी जी शिस्त आपण पाळू शकतो, ती पायाखालच्या जमिनीसाठी पाळता येऊ नये काय? मेक्सिको शहरात १९८५ च्या स्मरणार्थ दर १९ सप्टेंबरला असा सराव होतो. २०१७ साली सकाळी अकराला तो झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरा भूकंप आला. वर्षातून एकदा केलेली तालीम निरर्थक आहे, असे त्या दिवशी तेथे कोणी म्हटले नसेल.

या कामासाठी नव्या संघटना जन्माला घालण्याची मुळीच गरज नाही. गणेशोत्सव मंडळे लाखोंची गर्दी हाताळतात. दहीहंडीची पथके मानवी मनोरे रचतात. महिला मंडळे, भजनी मंडळे, व्यायामशाळा, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे यांचे जाळे गल्लोगल्ली आहे. जी मंडळे दहा दिवस रोषणाई करतात, त्यांनी अकरावा दिवस सरावाला द्यावा. सामान्य माणसे हे तांत्रिक काम पेलतील काय, ही शंका घेणाऱ्यांना लातूरच्या खेड्यांतील स्त्रियांनी केव्हाच उत्तर दिलेले आहे. किल्लारीनंतर घरे दुरुस्त व बळकट करण्याच्या शासकीय योजनेत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रिया संवाद-साहाय्यक म्हणून पुढे आल्या. भिंतीत दगड एकमेकांत कसे गुंफावेत, छताचे ओझे कसे हलके करावे, अनुदानाचा हप्ता कशासाठी आहे, हे त्यांनी शेजारणींना समजावून सांगितले आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. २००१ साली त्यांतील काही जणी कच्छच्या भगिनींना अनुभव सांगावयास गेल्या. किल्लारीच्या शेतकरी स्त्रीला जे जमले, ते शिवाजी पार्कच्या वा कोथरूडच्या पदवीधरास जमू नये, हे म्हणणे त्या पदवीला शोभणारे नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. लोकांनीच आपले रक्षण करावे, असे सांगून सरकार आणि महापालिका यांना आपण मोकळे सोडीत आहोत काय? हा आक्षेप खोटा नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द अलीकडे सरकारी कागदांत असा पसरला आहे की, जेथे शासनाने काम करावयाचे टाळले, तेथे तो हटकून दिसतो. म्हणून आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की, शेजाऱ्यांनी माणूस उपसून काढावा हे खरे. परंतु इमारत पडू नये हे पाहण्याचे काम मुख्यतः राज्यकर्त्यांचे आहे. खराब काँक्रीट ओतणारा बांधकामदार, त्यावर डोळे झाकून सही करणारा अधिकारी आणि पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर बदललेले नकाशे यांवर वही आणि पहार हा उपाय नव्हे.

मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचेच उदाहरण घ्या. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरूला हक्क जाण्याची धास्ती, आणि म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. यादी निघते, नोटिसा लागतात, रहिवासी हटत नाहीत. पाऊस संपतो आणि ये रे माझ्या मागल्या! त्यांच्या हट्टास मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. एकदा संक्रमण शिबिरात गेलेले कुटुंब तेथेच म्हातारे झाल्याची उदाहरणे त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. परतीची लेखी आणि मुदतबंद हमी देता येत नसेल, तर नोटिशीच्या कागदाला अर्थ उरत नाही. झोपडपट्ट्यांत तर एकावर एक चढविलेल्या खोल्या, वीतभर गल्ल्या आणि गॅसचे सिलिंडर असा दाहक मेळ आहे. तेथे अग्निबंबास शिरता येईल एवढी वाट ठेवणे हे कोणत्याही प्रबोधनापेक्षा मोलाचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. तपासणी अहवालांचा सारांश प्रभागवार सर्वांस पाहता येईल असा खुला करावा. शाळा, रुग्णालये आणि अग्निशमन केंद्रे यांच्या इमारतींचे बळकटीकरण प्रथम हाती घ्यावे. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडू खोऱ्यातील आधी बळकट केलेल्या शाळा तगून राहिल्या, हे उदाहरण समोर आहे. मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींसाठी अल्पव्याजी कर्ज आणि मालमत्ता करात सवलत द्यावी. आणि उरलीसुरली मैदाने राखावीत. कारण ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसाने जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मैदान हेच असते. पुनर्विकासाच्या घाईत ही मैदानेच गिळली जात आहेत.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा तेथील आदिवासी कुटुंबे कडाक्याच्या थंडीत घराबाहेर झोपत होती. मुंबईपासून तो प्रदेश काही फार दूर नाही. त्या धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करणे अशास्त्रीय ठरेल, आणि आम्ही ते करणार नाही. लोकांना घाबरविणे हा या लेखाचा हेतू नाही. जी तयारी आम्ही सुचविली आहे ती आगीत, महापुरात आणि पावसाळी पडझडीतही तितकीच उपयोगी पडणारी आहे. म्हणजे भूकंप कधी आलाच नाही, तरी तिचा एक पैसाही वाया जाणार नाही.

२६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईकराने अनोळखी माणसाला घरात घेतले, चहा दिला, छातीभर पाण्यातून हात धरून नेले. ते औदार्य खरे होते. पण पाणी चढावयास काही तास घेते, भूकंप तेवढी सवड देत नाही. त्या दिवशीच्या औदार्याला आधीच्या ओळखीची आणि शिस्तीची जोड मिळाली पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी सवय येथे चालणार नाही. संस्थेच्या पुढील सभेची विषयपत्रिका निघेल तेव्हा तीत मोटारींच्या जागेच्या वर एक विषय लिहावा: आपल्या इमारतीत कोण राहते, आणि ती इमारत कशावर उभी आहे. एवढी दोन उत्तरे ज्या इमारतीजवळ असतील, तेथे पहिला तास वाया जाणार नाही.